आवाज न चढवता संस्था कशी चालवावी? (गाव वाचनालय, खानापूर तालुका)

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातल्या एका गावात नोंदणीकृत वाचनालय आहे, त्याला जोडून मुलांची अभ्यासिका. सभासद 160 च्या घरात, कार्यकारिणी 11 जणांची. आधीचे कार्यवाह वयोमानामुळे थांबलेत आणि ते काम आता माझ्याकडे आलंय. ते फारसं बोलायचे नाहीत, पण दार वेळेवर उघडायचं आणि बैठका भांडणात संपायच्या नाहीत.

आता अडचण अशी की बैठकीत दोघे-तिघेच बोलतात. बाकीचे मान डोलावतात आणि बाहेर टपरीवर चहा घेताना उलटं बोलतात. काही पंच मंडळींचं म्हणणं आहे की कार्यवाहानं दणकून बोलल्याशिवाय गाव ऐकत नाही. कागदपत्रं, हिशेब, कोणत्या ऑफिसला कधी जायचं हे सगळं आधीच्या कार्यवाहांच्या डोक्यात आणि त्यांच्या घरच्या कपाटात. भाषणबाजी न करता, कुणाला न दुखवता, तरीही काम न अडू देता हे सांभाळायचं तर सुरुवात कशापासून करावी? वाचनालय, चर्च, महिला मंडळ, ट्रस्ट, कुठलीही संस्था जवळून माहीत असलेल्यांनी नेमकं सांगावं.

कीर्दखतावणी

कपाटापासून सुरुवात करा. बैठकीचं नंतर बघू.

आधीच्या कार्यवाहांच्या घरी एकट्यानं जाऊ नका, खजिनदारांना सोबत न्या. चार-पाच वेळा जायची तयारी ठेवा. प्रत्येक वेळी एक-दीड तास पुरे, वयस्कर माणसाला त्याहून जास्त बसवू नये. समोर ठेवायची यादी अशी: नोंदणी प्रमाणपत्र, पोटनियमांची मंजूर प्रत, प्रोसिडिंग बुकं (इतिवृत्ताच्या वह्या), सभासद नोंदवही, पॅन, आयकर नोंदणीचे कागद, बँकेची पासबुकं आणि सहीचे नमुने, मुदत ठेवींच्या पावत्या, इमारतीचा उतारा (ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा), घरपट्टीच्या पावत्या, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर कुणाच्या नावावर आहे तो कागद, पुस्तकांची दाखल नोंदवही आणि किल्ल्या. वीजमीटर किंवा जागा अजून मूळ देणगीदाराच्या किंवा जुन्या अध्यक्षांच्या नावावर असणं हे आपल्या भागात सर्रास दिसतं. ते आत्ताच दुरुस्तीला लावा. माणूस हयात असताना एका सहीचं काम असतं, नंतर वारसांच्या सह्या गोळा करत बसावं लागतं.

प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून एक फाइल वाचनालयात, एक खजिनदारांकडे आणि स्कॅन संस्थेच्या ईमेलवर. तुमच्या स्वतःच्या ईमेलवर नको.

संस्था जुनी असेल तर एक गोष्ट मुद्दाम बघा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीच्या संस्थांची नोंदणी जुन्या कायद्याखाली आणि कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतात. नंतरचा कारभार कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, 1960 प्रमाणे. जुनं प्रमाणपत्र पिवळं पडलंय म्हणून बाजूला टाकू नका, मूळ तेच.

या कायद्याप्रमाणे वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि सभेनंतर 14 दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी (नाव, पत्ता, व्यवसाय) आणि तपासलेला ताळेबंद जिल्हा निबंधकांकडे दाखल करावा लागतो. बहुतेक गावसंस्था नेमक्या इथेच अडकतात. सभा होते, फोटो होतो, वर्तमानपत्रात बातमी येते आणि यादी जातच नाही. तीन-चार वर्षांनी पदाधिकारी बदलतात, बँकेत सह्या बदलायला गेलं की बँक निबंधकांकडची प्रमाणित यादी मागते. ती नसते. खातं अडकतं, वीजबिल कुणीतरी खिशातून भरतं आणि मग "संस्थेत काहीतरी गडबड आहे" अशी कुजबुज सुरू होते. गडबड काहीच नसते, चार कागद गेलेले नसतात. राहिलेली वर्षं दंडासह भरून घ्या आणि पुढच्या वर्षापासून सभेच्या आदल्या दिवशीच यादीचा मसुदा तयार ठेवा.

वेळेचं गणितही सांगतो. 31 मार्चला कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) बंद करा, एप्रिलअखेर वह्या लेखापरीक्षकाकडे द्या, जूनच्या मध्यापर्यंत ताळेबंद परत मागा. मे संपत आला की खानापूर भागात लोक शेतवडीच्या मागे लागतात आणि जुलैमध्ये भाताची रोप लागण, तेव्हा सभा बोलावली तर गणसंख्या होत नाही. रोप लागण आटोपल्यावर आणि गणपतीच्या आधी जो रविवार मिळतो तो वार्षिक सभेसाठी सर्वात चांगला. सुगीत आणि यात्रेच्या आठवड्यात अजिबात नको.

घंटानाद

मी चर्चच्या अंगानं लिहिते. तुमच्या वाचनालयालाही बरंचसं लागू पडेल.

कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या श्रद्धावंतांच्या समुदायाला) वित्त समिती असलीच पाहिजे असं कलम आहे (कलम 537). फादर कितीही प्रामाणिक असोत, हिशेबात त्यांना मदत करायला श्रद्धावंतांपैकी माणसं हवीतच. त्याच संहितेत लोकांनी अर्पण केलेल्या पैशाचा हिशेब लोकांना द्यावा असंही सांगितलंय (कलम 1287). बेळगाव धर्मप्रांत 1953 मध्ये स्थापन झाला. कोकणी, मराठी, कन्नड बोलणारी कुटुंबं एकाच बाकावर बसतात. अशा ठिकाणी पैशाबद्दल जराही धूसरपणा राहिला की तो लगेच भाषेच्या किंवा वाड्याच्या वादाचं रूप घेतो. म्हणून पैशाची शिस्त हा शांततेचा पाया, असं मी मानते.

दानपेटी किंवा फंडपेटीची पद्धत अशी असावी. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगवेगळ्या घरांत. उघडताना किमान तिघं हजर, त्यातले दोघं तरी एकमेकांचे नातेवाईक नसावेत. मोजणी टेबलावर, दार उघडं ठेवून. नोटांचे गट वेगळे, नाणी वेगळी, दोघांनी एकदा-एकदा मोजायचं आणि दोन्ही आकडे जुळले तरच कागदावर लिहायचं. मोजणीचा कागद दोन प्रतींत, तिघांच्या सह्या, एक प्रत खजिनदाराकडे आणि दुसरी फाइलला. रक्कम पुढच्या बँकेच्या कामाच्या दिवशी जमा. त्या पैशातून परस्पर खर्च करायचा नाही, अगदी फुलवाल्याचे 200 रुपये असले तरी. आधी जमा, मग व्हाउचरवर खर्च. मोजणीला बसणाऱ्यांची पाळी दर तीन महिन्यांनी बदला. कुणावर संशय म्हणून नव्हे. वर्षानुवर्षं एकच माणूस मोजत राहिला तर उद्या कुणी बोट दाखवलं की त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी उरत नाही. प्रामाणिक माणसाचं रक्षण करणं हे पुढाऱ्याचं काम आहे.

पावतीपुस्तकात पावती चुकली तर फाडून टाकायची नाही, रेघ मारून "रद्द" लिहून दोन्ही भाग पुस्तकातच ठेवायचे. पावतीपुस्तकं किती छापली, कुणाकडे कोणत्या क्रमांकाची आहेत याची एक पानाची नोंद हवी. गणपतीत किंवा सणाला चार जणांकडे चार पुस्तकं जातात आणि एक परत येत नाही, त्यावरून जन्माची वैरं होतात.

आणखी एक. आपल्या भागातली बरीच माणसं आखाती देशांत आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यानं परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याची रक्कम, मग तो आपल्याच गल्लीतला का असेना, विदेशीच. विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी ती फक्त नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरते. प्रेमानं दिलेला पैसा परत पाठवायची वेळ येऊ नये म्हणून आधीच विचारा: पासपोर्ट कुठला? देशातल्या देणगीदारांनाही सांगून ठेवा की 2,000 रुपयांवर रोख दिली तर करसवलत मिळत नाही.

सभेची नोटीस

वरच्या दोघांनी कागद आणि पैसा सांगितला. मी बैठकीबद्दल लिहितो, कारण तुमचा मूळ सल तोच दिसतो.

जे टपरीवर बोललं जातं ते बैठकीत यायला हवं असेल तर टपरीवरचं बोलणं बैठकीच्या आधी ऐकून घ्यावं लागतं. बैठकीला सात दिवस असताना अकरापैकी जे गप्प असतात अशा चौघा-पाचांना भेटा. घरी जा, दहा मिनिटं बसा आणि एवढंच विचारा: "या विषयात तुम्हाला काय खटकतं?" उत्तर देऊ नका, समजावू नका, फक्त लिहून घ्या. बैठकीत तोच मुद्दा मांडायला त्यांना सांगा, त्यांच्या वतीनं तुम्ही मांडू नका. दोन-तीन बैठकांत फरक दिसतो. इथे एक सांभाळायचं: या भेटी सगळ्यांना माहीत असाव्यात आणि दोन्ही गटांकडे जाव्यात. एकाच बाजूच्या घरी चहा झाला तर ती गटबाजी ठरते आणि तशी ठरणं योग्यच आहे.

अजेंड्यावर पाचच्या वर विषय नकोत. पहिला विषय मागच्या बैठकीत कुणी काय करायचं ठरलं होतं आणि झालं का. दुसरा पैशाचा, लोक ताजे असताना. ज्यावर मतभेद आहेत तो तिसरा. स्वागत, अभिनंदन, सत्कार हे सगळं शेवटी. उलट केलं की पाऊण तास सत्कारात जातो आणि छपराच्या गळतीवर पाच मिनिटांत मान डोलावून ठराव होतो. मग पावसात कळतं की अंदाजपत्रक कुणी वाचलंच नव्हतं. एकूण वेळ दीड तास. "इतर विषय" या कलमाखाली खर्चाचा कुठलाही ठराव घ्यायचा नाही, तो पुढच्या बैठकीच्या नोटिशीत आला पाहिजे. ऐन वेळी आणलेला खर्च हे भांडणाचं सर्वात मोठं मूळ.

मतं गोलाकार घ्या, वयानं लहान असलेल्यापासून. अध्यक्ष आणि कार्यवाह शेवटी बोलतील. आपल्याकडे मोठ्या माणसानं एकदा मत दिलं की धाकटे त्याविरुद्ध बोलत नाहीत, तो आदर आहे आणि तो मोडायची गरज नाही. फक्त क्रम बदलायचा. जास्त बोलणाऱ्यांना थांबवायला "तुमचं लिहून घेतलंय, हे वाचून दाखवतो, बरोबर आहे का बघा" एवढं वाक्य पुरतं. आपला मुद्दा कागदावर उतरला हे दिसलं की बहुतेकांचा आवाज आपोआप खाली येतो.

ठराव तिथल्या तिथे लिहा आणि पुढच्या विषयाआधी मोठ्यानं वाचा. सूचक, अनुमोदक, काम कुणाचं, कधीपर्यंत, किती रुपयांपर्यंत. "छपराची दुरुस्ती करण्याचे ठरले" हा ठराव नव्हेच. "पश्चिम बाजूची 40 कौले आणि 2 वासे बदलणे, खर्च 15,000 रुपयांपर्यंत, जबाबदारी अमुक, मुदत 20 मे" असं असेल तरच पुढच्या वेळी विचारता येतं. विरोध असेल तर तोही नावासकट नोंदवा. विरोध नोंदवून घेणाऱ्या कार्यवाहावर विरोधकही विश्वास ठेवतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त सूचना टाकायच्या आणि तिथे लिहिणं ॲडमिनपुरतं मर्यादित ठेवायचं. टीका आली तर ग्रुपवर उत्तर नाही. त्याच संध्याकाळी फोन किंवा भेट.

पंच मंडळींचं "दणकून बोला" हे म्हणणं मात्र उडवून लावू नका. त्यांना आवाजाची हौस नसते, त्यांना निर्णय दिसत नाही म्हणून ते तसं म्हणतात. दर महिन्याच्या 5 तारखेला एक कागद वाचनालयाच्या फलकावर लावा: जमा, खर्च, शिल्लक, नवी पुस्तकं किती, कोणतं काम कुठवर आलं. एका पानावर मावेल एवढंच. सहा महिने न चुकता लागला की कुणी दणकून बोलायला सांगणार नाही.

मलप्रभाकाठ

खूप आभार तिघांचेही. फलकाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. नोटीस, इतिवृत्त कोणत्या भाषेत ठेवावं? काही सभासद कन्नड शाळेत शिकलेले आहेत, ऑफिसचा सगळा व्यवहार कन्नडमध्ये. यावरून दोन्हीकडून ताणलं जातं. आणि शांत राहायचं म्हणजे सगळ्यातच शांत राहायचं का, हेही मनात येतं.

कीर्दखतावणी

इतिवृत्त मराठीत ठेवायला काहीच हरकत नाही, संस्थेचा आत्मा मराठी वाचनाचा आहे. सभेची नोटीस एकाच कागदावर वर-खाली दोन्ही भाषांत काढा, चार ओळींचं काम आहे. निबंधक, बँक, पंचायत यांना जाणारे अर्ज कन्नडमध्ये, आणि प्रत्येकाला मराठी मसुदा टाचून फाइलला. कन्नड कागद मोठ्यानं वाचून अर्थ सांगितल्याशिवाय अध्यक्षांची सही घेऊ नका. चांगल्या मनानं, न वाचता केलेल्या सहीनं पोटनियमच बदलले जाऊ शकतात. गावातल्या कन्नड माध्यमात शिकलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सहकार्यवाह करा आणि हे काम अधिकारानं सोपवा. त्यातून पुढचा कार्यवाहही घडतो.

बाहेरच्या फलकाबद्दल: कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर व्यवसायांसोबत ट्रस्टच्या नावफलकावरही 60 टक्के कन्नड सक्तीचं आहे. तुम्ही सोसायटी आहात, तेव्हा फलक रंगवायच्या आधी पंचायतीला लेखी विचारून लेखी उत्तर घ्या. मनाला लागणारा विषय आहे, हे मलाही कळतं. पण वाचनालयाची लढाई आतल्या कपाटांची असते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा इथे गावं स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलनं भरवतात, ती वर्षभर निमूट राबणाऱ्या माणसांच्या जोरावर उभी राहतात. ती ताकद फलकाच्या वादात खर्चू नका.

अभ्यासिका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं: नाही, सगळ्यात शांत राहायचं नाही.

तुमच्याकडे मुलांची अभ्यासिका आहे. मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका जरी आली, तरी पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. "गावाची अब्रू", "संस्थेचं नाव", "दोन्ही घरं समजूतदार आहेत, आपसात मिटवू" ही वाक्यं ऐकायला येतील आणि तुमच्या शांत स्वभावाचं कौतुक करून तुम्हालाच मध्यस्थ केलं जाईल. तिथे मध्यस्थी करायची नाही. चौकशी समिती नेमायची नाही, मुलाला चार लोकांसमोर पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. पोलीस, आणि मदतीला 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

असं घडू नये म्हणून साध्या व्यवस्था आधीच करा. अभ्यासिकेच्या दाराला काच किंवा उघडी झडप, एकट्या प्रौढानं एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, रोज दोन स्वयंसेवक, त्यातली शक्यतो एक बाई. हजेरीवहीत मूल आलं कधी, गेलं कधी. पावसाळ्यात खानापूरकडे दिवसा उजेडी वीज जाते आणि संध्याकाळी तर तासन्‌तास, म्हणून चार्जिंगचे दोन दिवे आणि "वीज गेली की मुलं एकाच खोलीत" हा नियम. ठरावात घ्या, भिंतीवर लावा.

पैशाच्या अफरातफरीतही गप्प राहू नका, आणि संस्थेच्या नावावर कुणा पक्षाचा प्रचार होत असेल तेव्हाही. तिथे सुद्धा ओरडायचं नाही. नोटीस काढायची, तातडीची बैठक घ्यायची, ठराव करायचा. बाकी दिवस तुम्ही जेवढे मृदू असाल तेवढं या दिवशी तुमचं म्हणणं ऐकलं जाईल.

सभेची नोटीस

अभ्यासिका ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

मलप्रभाकाठ, आधीच्या कार्यवाहांबद्दल एक राहिलं. त्यांनी 160 जणांची संस्था सांभाळली हे खरंच, पण सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवलं, आणि त्याचा भार आज तुमच्यावर पडलाय. शांत माणसांकडून ही चूक फार होते. कुणाला त्रास नको म्हणून ते सगळं स्वतः करतात आणि त्यांच्यामागे कुणालाच काही येत नाही. तुम्ही पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी करा. दर तिसऱ्या बैठकीचं इतिवृत्त सहकार्यवाहानं लिहायचं, तुम्ही फक्त तपासायचं. आणि दार उघडायची पाळी सहा जणांत वाटा, प्रत्येकाला आठवड्यातला एक दिवस, सातवा दिवस सुट्टीचा. दाराची एक जादा किल्ली शेजारच्या घरी. पाळीच्या माणसाला यायला जमणार नसेल तर त्यानं स्वतः बदली शोधायची, तुम्हाला फोन करायचा नाही. पहिले दोन महिने एखाद-दुसऱ्या दिवशी दार बंद राहील. तेव्हा धावत जाऊन स्वतः उघडू नका. बंद राहू द्या, वाचक त्या माणसाला विचारतील, पुढच्या आठवड्यात तो वेळेवर येईल.

आणि जुन्या कार्यवाहांना कागद घेऊन झाल्यावर विसरू नका. गावात वार पाळणूक असते तेव्हा शेतातली कामं बंद असतात, त्या दिवशी त्यांना वाचनालयात आणा, दाखल नोंदवही समोर ठेवा. कोणतं पुस्तक कुणी दिलं, कोणत्या कपाटाचा पैसा कुठून आला, हे कागदावर नसलेलं त्यांच्याकडून पेन्सिलीनं समासात लिहून घ्या.